५ किमीत हरीण, २१ किमीत म्हैस : माझं गणित कुठे चुकतंय?

धावता धोंडू | १६ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचनमात्र असतो, पाककृतींच्या धाग्यांवर तोंडाला पाणी सुटलं की झोपायला जातो. पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

रत्नागिरीत राहतो, शाळेत गणित शिकवतो. वय ३८, वजन ६६. एप्रिलात डॉक्टर म्हणाले की साखर काठावर आलीय, काहीतरी करा. म्हणून धावायला लागलो. पावसाळ्यातही फारसा खंड पडू दिला नाही (मांडवीवर छत्री घेऊन धावणारा माणूस कोणी पाहिला असेल तर तो मीच). आठ महिन्यांत तीन स्पर्धा झाल्या:

५ किमी (अलिबाग, सपाट रस्ता) – २४:०६
१० किमी (रत्नागिरी शहर, चढउतार) – ५४:४१
२१.१ किमी (गेल्या रविवारी, आरे-वारेच्या बाजूचा किनारी रस्ता) – २:२२:५०

५ किमीत माझा नंबर वरच्या चौथाईत होता. २१ मध्ये शेवटून मोजलेलं बरं.

आता गणित. पीटर रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७७ साली मांडलेलं एक सूत्र आहे, बरेच लोक वापरतात. नवी वेळ = जुनी वेळ × (नवं अंतर ÷ जुनं अंतर) चा १.०६ वा घात. म्हणजे अंतर दुप्पट केलं की वेळ दुप्पट होत नाही, २.०८५ पट होते. माझ्या ५ किमीवरून १० किमीला ५०:१५ यायला हवे होते नि २१ ला १:५०:५२. प्रत्यक्षात २१ ला बत्तीस मिनिटं जास्त लागली. बत्तीस! एवढ्यात आमची एक तासिका होते.

सूत्रावर विश्वास ठेवून मी ५:१५ चा पेस (म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, मिनिटं:सेकंद) धरला होता. दहापर्यंत राजा होतो. बाराव्या किलोमीटरनंतर पाय जांभ्याचे झाले. सोळाव्याला एक साठीचे काका "चला मास्तर, चला" म्हणत मला मागे टाकून गेले. ते स्पर्धक नव्हते. हातात पिशवी होती, दूध आणायला निघाले होते.

बायकोचं मत: "तुमचा पिंडच छोट्या अंतराचा." शाळेत मी १०० मीटर पळायचो हे खरं. तर प्रश्न असा, की शरीराची घडणच तशी असते का? २१ चा नाद सोडून ५ वरच लक्ष द्यावं का?

मोदकप्रेमी | १६ डिसेंबर, रात्री १०:३०

दूधवाल्या काकांना साष्टांग नमस्कार. वाचतोय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

कुडाळचो झील | १६ डिसेंबर, रात्री १०:४४

मास्तरानू, तुमचा गणित बरोबर आसा. पण सगळो माल पयल्याच धा किलोमीटरात खपवलात, मगे दुकानात रवतला काय?

ताडगोळा | १७ डिसेंबर, सकाळी ६:०५

धोंडूदादा, स्वागत. मी दापोलीची, बारा वर्षं धावतेय. पिंडाबिंडाकडे जाण्याआधी थोडी माहिती द्या. २१ च्या दिवशी दर पाच किमीला किती लागले? आठवड्याला एकूण किती धावता, कुठल्या वेगाने? सगळ्यात लांब किती धावला होतात? सकाळी काय खाल्लं होतं? आणि १० किमीची स्पर्धा २१ च्या आधी झाली ना? मग लक्ष्य ठरवताना ती का नाही धरलीत?

धावता धोंडू | १७ डिसेंबर, दुपारी १:२०

मधल्या सुट्टीत लिहितोय.

पहिले ५: २६:१०
पुढचे ५: २८:४०
१० ते १५: ३६:१०
१५ ते २०: ४३:२० (यात चालणं बरंच)
उरलेला किलोमीटरभर: ८:३०

आठवड्याला २० ते २४ किमी. तीन वेळा पाच-सहा किमी, रविवारी आठ-दहा. वेग नेहमी ५:२० ते ५:३०, म्हणजे धाप लागेल पण धावता येईल असा. त्याहून हळू धावलो तर व्यायाम झाला असं वाटतच नाही. सगळ्यात लांब १४, तेही एकदाच. सकाळी चहा नि दोन बटरं.

१० किमी का धरली नाही? आदल्या रात्री पाहुणे होते, झोप झाली नव्हती. ती वेळ खरी नाही असं मनाने घेतलं.

ताडगोळा | १७ डिसेंबर, रात्री ९:१५

दादा, रागावू नका, पण तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. २६:१० अधिक २८:४० किती? ५४:५०. तुमची १० किमीची आजवरची सर्वोत्तम वेळ ५४:४१. म्हणजे २१ च्या स्पर्धेत तुम्ही आधी १० किमीची स्पर्धा जीव तोडून धावलात, फक्त नऊ सेकंद कमी पडले, आणि मग "आता उरलेले अकरा" म्हणालात. त्यानंतर दूधवाले काका पुढे गेले यात नवल काय?

दुसरं. सूत्राला तुम्ही अलिबागचा आकडा दिलात, कारण तो गोड होता. १० किमीचा कडू म्हणून बाजूला ठेवलात. आपण सगळेच असं करतो. पण अंदाज बांधताना जवळचं अंतर धरायचं. ५ वरून २१ म्हणजे चौपट उडी, १० वरून २१ म्हणजे दुपटीहून थोडी जास्त. ५४:४१ वरून रीगलचंच सूत्र लावा, २:००:३९ येतात. पेस ५:४३. तोही सपाट रस्त्यावर, बऱ्या हवेत. तुम्ही निघालात ५:१४ ने.

तिसरं, आणि हे सगळ्यात मोठं. तो १.०६ काही निसर्गनियम नव्हे. दोन्ही अंतरांची तयारी सारखीच झालेल्या माणसासाठी तो आहे. आठवड्याला बावीस किमी धावणारा माणूस ५ किमीसाठी ठीकठाक तयार असतो, २१ साठी नसतो. तुम्ही पाचवीच्या अभ्यासावर दहावीचा पेपर दिलात आणि आता विचारताय की माझी बुद्धीच पाचवीपुरती आहे का.

धावता धोंडू | १७ डिसेंबर, रात्री ९:४०

नऊ सेकंद. हे मला दिसलं कसं नाही? रोज मुलांना सांगतो, उत्तर आलं की ताळा करून बघा.

घाटावरचा | १७ डिसेंबर, रात्री ११:०२

साताऱ्याहून राम राम. आमच्याकडे यवतेश्वरचा घाट चढून २१ किमी धावतात, त्यामुळे कोकणातल्या "चढउतारां"वर मी बोलणार नव्हतो, पण राहवलं नाही. (काय ते आरे-वारे. समुद्र बघायला थांबला असाल, म्हणून वेळ गेला.)

एक तुलना देतो. अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, ३००० मीटर स्टीपलचेसवाला (अडथळ्यांची शर्यत). २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, ८:११.२० मध्ये. त्याने २०२० साली दिल्लीला अर्धमॅरेथॉन धावली १:००:३० मध्ये आणि २०२३ साली ५००० मीटर १३:१९.३० मध्ये. पेस काढा: पाचला २:४०, एकवीसला २:५२. फरक बारा सेकंदांचा. धोंडूसरांचा फरक ४:४९ आणि ६:४६, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं. साबळेचा घातांक (रीगलच्या सूत्रातल्या १.०६ च्या जागी) माझ्या हिशोबाने १.०५ च्या आसपास येतो, सरांचा १.२४. आता साबळेशी तुलना कोणी करू नये हे मान्य. पण तो मूळचा ३००० चा माणूस असून एकवीसला एवढाच मंदावतो, कारण त्याचा पाया काही वर्षांचा आहे. छोट्या अंतराचा पिंड ही सबब त्याला जास्त शोभली असती.

अवांतर: अलिबागचं अंतर खरंच ५ होतं का? घड्याळ काय म्हणत होतं?

धावता धोंडू | १८ डिसेंबर, सकाळी ७:११

घड्याळातली नोंद आत्ता उघडली. ४.८२.

घाटावरचा | १८ डिसेंबर, सकाळी ७:१५

😀 घ्या.

घाटावरचा | १८ डिसेंबर, सकाळी ७:३२

जरा सविस्तर. प्रमाणित मार्ग मोजताना सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून, वळणांवर सगळ्यात जवळची रेघ धरून मोजतात आणि वर हजारात एक इतकं अंतर मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे चुकूनही कमी भरू नये. २१ किमीला ते २१ मीटर होतात. जीपीएसचं घड्याळ उघड्या रस्त्यावर बहुधा थोडं जास्तच अंतर दाखवतं, कारण आपण वळणं लांबून घेतो. त्यामुळे ५.०५ दिसलं तर शंका घेऊ नये. ४.८२ म्हणजे मार्गच आखूड असावा. गावोगावच्या हौशी स्पर्धांत दुभाजकाच्या सोयीने यू-टर्न ठरतो, त्यात आयोजकांचा काही वाईट हेतू नसतो.

धावता धोंडू | १८ डिसेंबर, सकाळी ७:५०

१४४६ सेकंद भागिले ४.८२, बरोबर ३००. म्हणजे पेस ५:००, पाच किमीला २५:००. त्यावरून १० ला ५२:०८, २१ ला १:५५:००. पायाच कच्चा होता तर! बत्तीसपैकी चार मिनिटं इथेच सापडली. पहिला तास सुरू होतोय, पळतो.

डॉ. सुरमई | १८ डिसेंबर, रात्री १०:४०

चिपळूणला प्रॅक्टिस करतो, स्वतः हळू धावतो. आत नेमकं काय होतं ते सांगतो. कंटाळा आला तर ओलांडून पुढे जा.

लोकांचा समज असा की ५ किमी म्हणजे दमाचं नव्हे, जोराचं काम. तसं नाही. पाच किमीलाही नव्वद टक्क्यांच्या वर ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच तयार होते. फरक आहे तो मर्यादेच्या कुठल्या बाजूला धावतो याचा. साधारण तासभर कसाबसा टिकवता येईल असा प्रत्येकाचा एक वेग असतो. त्याच्या वर गेलं की रक्तात लॅक्टेट साठत जातं, श्वास आवरत नाही, आणि घड्याळ उलटं मोजायला लागतं. पाच किमी त्या रेषेच्या थोडी वर धावता येते, कारण पंचवीस मिनिटांत खेळ संपतो. एकवीस रेषेच्या खालीच धावावी लागते. धोंडूसर, तुमची १० किमी ५४ मिनिटांची, म्हणजे तुमची ती रेषा साधारण ५:३० पाशी आहे. ५:१४ ने निघालात तेव्हा पहिल्या किलोमीटरपासून तुम्ही रेषेच्या वर होतात. कळलं बाराव्याला, एवढंच.

मग इंधन. स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर), यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. मिळून दोन हजार किलोकॅलरी. धावायला किलो वजनामागे, किलोमीटरमागे ढोबळमानाने एक किलोकॅलरी लागते. तुमचे ६६ किलो गुणिले २१, चौदाशेच्या आत. म्हणजे कागदावर टाकी पुरायला हवी. पण रात्रभराच्या उपासाने यकृतातला साठा सकाळी बराच उतरलेला असतो, वेग जास्त ठेवला की चरबीऐवजी साखरच जास्त जळते, आणि उष्म्यात ती आणखी जळते. दोन बटरांवर हे झेपत नाही. दोन-तीन तास आधी पोळी-केळं किंवा मऊ भात, नि वाटेत तासाला ३० ग्रॅमच्या आसपास साखरेचं काहीतरी. खजूर चालतात. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नका, पोट दगा देतं.

आणि आपला कोकणचा खरा शत्रू, दमटपणा. धावताना तयार झालेल्या ऊर्जेचा वीस-पंचवीस टक्के भागच पुढे जायला लागतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला घाम. पण घाम आल्याने शरीर थंड होत नाही, घाम *वाळल्याने* होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपटप खाली पडला तर काहीच नेत नाही, फक्त पाणी नि मीठ जातं. भूगोलात शिकलेले मतलई वारे आठवा. पहाटे जमिनीकडून कोरडा वारा वाहत असतो तोवर बरं. तो पडला की गंजीफ्रॉक अंगाला चिकटतो. मग रक्त त्वचेकडे जास्त जायला लागतं, घामाने रक्तातलं पाणीही कमी होतं, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके दहा-पंधराने चढतात. पंचवीस मिनिटांत याचा फार फरक पडत नाही, दोन तासांत पडतो. म्हणून दमट हवेत मोठ्या अंतराची वेळ छोट्यापेक्षा जास्त बिघडते. नुसत्या ५ किमीच्या अनुभवावरून हे कधीच कळत नाही.

एक सावधगिरी. पाणी कमी पडू देऊ नये तसंच घटाघटा लिटर-दोन लिटर साधं पाणीही पिऊ नये, रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. आणि धावताना कोणी असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, तर "दमला असेल" म्हणून सोडू नका. सावलीत घ्या, थंड पाणी ओता, बर्फ मिळाला तर काखेत-जांघेत लावा, नि त्याच वेळी दवाखान्यात न्यायची सोय करा.

पिंडाबद्दल: जनुकांचा वाटा असतो, नाकारत नाही. पण आठवड्याला बावीस किमीवर तो ओळखताच येत नाही. तीनशे दिवस आमटी फोडणीशिवाय खाऊन "मला आमटी आवडत नाही" म्हणण्यासारखं आहे ते.

काजूबोंडू | १९ डिसेंबर, दुपारी ३:२५

छान चाललाय धागा. माझं सगळं उलटं आहे. वय ४६, वेंगुर्ला. ५ किमी ३१:००, अर्धमॅरेथॉन २:१९:००. सूत्राप्रमाणे २१ ला २:२२:३६ लागायला हवे होते, मी साडेतीन मिनिटं आधी पोचले. मैत्रिणी म्हणतात तू जन्मजात लांब पल्ल्याची. पण ५ किमीत माझ्या पुढे शाळकरी मुली गप्पा मारत जातात. मलाही पिंड आहे की नाही?

ताडगोळा | १९ डिसेंबर, रात्री ९:०८

काजूताई, तुम्ही जोरात कधी धावता?

काजूबोंडू | १९ डिसेंबर, रात्री ९:१२

कुत्रं मागे लागलं तर.

ताडगोळा | १९ डिसेंबर, रात्री ९:३०

मग झालं की. तुमचा पाया भक्कम आहे, वरचा मजला बांधलाच नाही. आठवड्यातून एकदा आरामात हळू धावण्याच्या शेवटी वीस-वीस सेकंदांचे सहा झपाटे टाका, मध्ये पूर्ण दम खाऊन. महिन्याभराने छोट्या चढावर, चांगल्या जांभ्याच्या पायवाटेवर, मिनिटभराचे सहा. पायांना वेगाची सवय होते आणि त्याच वेगाला लागणारे कष्ट कमी होतात. ललिता बाबर आठवा, साताऱ्याच्या माण तालुक्यातली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली यायची. तिथून ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. पल्ला काही कपाळावर लिहून येत नाही.

घाटावरचा | १९ डिसेंबर, रात्री ९:३३

माणचा उल्लेख झाला. आता मी शांतपणे झोपतो.

वेगवेडा | २० डिसेंबर, सकाळी १०:००

एवढं पुराण कशाला? ४०० मीटरचे इंटरव्हल (जोरात धावून मध्ये दम खायचा, परत जोरात) करा, आठवड्यातून तीनदा. ५ किमी २२ वर आणा, २१ आपोआप खाली येईल. हळू धावून माणूस हळूच होतो.

ताडगोळा | २० डिसेंबर, रात्री ८:५०

वेगवेडा, असहमत. काजूताईंना तुमचा सल्ला दिला असता तर थोडा पटलाही असता. धोंडूदादांना तो म्हणजे तहानलेल्याला सुकट. त्यांची ५ किमी कमी पडलेलीच नाही. १० वर ते पाचच्या मानाने ढासळतात, २१ वर कोसळतात. वेग आहे, टिकाव नाही. टिकाव येतो तो स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढल्याने, पेशींतल्या ऊर्जाघरांची संख्या वाढल्याने, आणि ती वाढतात तासांच्या हिशोबाने. आठवड्यात तीनदा जीव काढला की चौथ्या दिवशी धावायला जीवच उरत नाही, म्हणजे तास कमी होतात. शिवाय नवख्या माणसाचं हृदय तीन महिन्यांत सुधारतं, पण पोटऱ्या नि टाचेचा स्नायुबंध मागे राहतो. दुखापती तिथेच होतात.

धोंडूदादांचा घोळ असा आहे की रोजचं धावणं हळू म्हणावं तर जोरात आहे आणि जोरात म्हणावं तर हळू. अधलंमधलं. थकवा पूर्ण, फायदा अर्धा. माझं ऐकाल तर चार दिवस धावा. तीन दिवस इतकं हळू, की शेजारच्याला पूर्ण वाक्यात घरची गाऱ्हाणी सांगता यावीत. एक दिवस २० मिनिटं ५:३५ च्या आसपास, सलग. रविवारचं अंतर दहावरून दर आठवड्याला एक-दीड किमीने वाढवा, चौथ्या आठवड्यात थोडं कमी करा. दहा आठवड्यांनी परत बोलू.

वेगवेडा | २० डिसेंबर, रात्री ९:०५

बघू. माझं मत कायम.

मोदकप्रेमी | २० डिसेंबर, रात्री ९:२०

एक बाळबोध प्रश्न. आरे-वारेचा चढ जाताना जेवढा त्रास देतो तेवढंच उतारावर परत मिळत नाही का? शेवटी समुद्रसपाटीवरच येतो ना आपण.

घाटावरचा | २० डिसेंबर, रात्री ९:४१

झोपलो नव्हतो. नाही मिळत. चढाला जेवढं जातं त्याहून कमीच उतार परत देतो, कारण उतारावर तुम्ही स्वतःला आवरत असता. मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्याने त्याचे धागे दुखावतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं, चढताना नाही. धोंडूसर, सोमवारी शाळेचा जिना कसा उतरलात?

धावता धोंडू | २० डिसेंबर, रात्री ९:५५

कठडा धरून, उलटा. नववी ब ने पाहिलं.

धावता धोंडू | १४ जानेवारी, रात्री ८:३०

तिळगूळ घ्या. थोडी प्रगती सांगतो.

हळू धावणं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड व्यायाम निघाला. ताडगोळाताईंच्या हुकुमाने ७:१५ ने धावतोय. पहिल्या आठवड्यात भाट्ये पुलावर पहाटे सहाला मासळीची टोपली घेऊन चाललेल्या मावशी थांबल्या, "मास्तर, बरं नाय काय?" म्हणाल्या. बरं आहे म्हटलं. विश्वास बसला नाही त्यांचा. दुसऱ्या दिवशी घरी निरोप गेला होता.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून घाम मोजला. रविवारी भाट्ये पूल ओलांडून पावसच्या रस्त्याने १४ किमी, १ तास ४२ मिनिटं. निघताना उघड्या अंगाने वजन ६६.३, आल्यावर अंग पुसून ६४.६. वाटेत ४०० मिली प्यायलो. म्हणजे २.१ लिटर गेले, तासाला साधारण सव्वा लिटर. आल्यावर बूट काढले तर मोजे पिळता आले. स्पर्धेत मी दोन पेल्यांवर भागवलं होतं!

पहिल्यांदाच १४ किमीनंतर घरी येऊन बाजाराला जाता आलं. एरवी रविवार आडवा जायचा.

डॉ. सुरमई | १४ जानेवारी, रात्री १०:०२

उत्तम. पण गेलेलं सगळं पाणी धावताना भरून काढायचा प्रयत्न करू नका. पोटाला तेवढं झेपत नाही. तहानेप्रमाणे प्या, लांब धावताना त्यात ओआरएस असू द्या. उरलेलं घरी आल्यावर, जेवणाबरोबर. सोलकढी मला वैद्यकीयदृष्ट्या नाही तरी मनापासून मान्य आहे.

काजूबोंडू | २ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४०

झपाट्यांचा पाचवा आठवडा. ५ किमी ३०:०४. शाळकरी मुली अजून पुढेच आहेत, पण गप्पा थांबल्या.

धावता धोंडू | १ मार्च, रात्री ९:१०

दहा आठवडे झाले, हजेरी लावतो.

आधी पाया पक्का करायचा ठरवला. शाळेच्या मैदानावर टेपने मोजून, चुन्याने २०० मीटरची फेरी आखली. पंचवीस फेऱ्या. फेऱ्या मोजायला सातवीतला एक विद्यार्थी खडे घेऊन बसला, दर फेरीला एक खडा डावीकडून उजवीकडे. अठराव्या फेरीला मी विचारलं किती राहिल्या, तो म्हणाला, "सर, मोजताना बोलायचं नाही असं तुम्हीच सांगता." २५:१८. वेगवेडा, कबूल करतो, ५ किमीचा वेग वाढलेला नाही. तीक्ष्ण वळणं होती हे खरं, पण ही वेळ माझी आहे, १८० मीटर कमी करून मिळवलेली नाही.

नंतर दोन आठवड्यांनी त्याच शहरातल्या १० किमीच्या रस्त्यावर एकटाच धावलो, पहाटे साडेपाचला. ५३:२०. डिसेंबरपूर्वीच्या वेळेपेक्षा १ मिनिट २१ सेकंदांनी कमी, आणि शेवटचे दोन किमी सगळ्यात जलद. ५ वरून १० चा घातांक आता १.०७६ येतो. आधीचा, अलिबागचा आकडा दुरुस्त करूनसुद्धा, १.१३ होता. ५ जवळपास तिथेच, १० खाली आली.

सगळं हळू धावण्यामुळेच झालं असं म्हणत नाही. त्या पहाटे गारवा होता, पाहुणे नव्हते. पण रविवारचे १८ किमी आता न थांबता होतात. पावसच्या वाटेवरच्या एका चढावर अजून चालावंच लागतं.

२१ ची परीक्षा आता नोव्हेंबरात, पाऊस सरल्यावर. आत्ता उकाडा सुरू झालाय, एवढ्यात ते धाडस नको. सूत्रात माझा स्वतःचा १.०७६ घातला तर १:५९ येतात. पण तोच रस्ता, तेच चढ आणि दमट हवा धरून मी ६:०५ ने जायचं ठरवलंय, म्हणजे २:०८.

वेगवेडा | १ मार्च, रात्री ९:२२

५ किमी तशीच राहिली हे नोंदवून ठेवतो. पण १० ची वेळ चांगली आहे, अभिनंदन.

ताडगोळा | १ मार्च, रात्री ९:३०

अभिनंदन दादा! ६:०५ सरासरी ठीक. पहिले पाच किती?

धावता धोंडू | १ मार्च, रात्री ९:३४

६:१५. पण बंदूक वाजली की मी काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. घड्याळ बायकोकडे देऊन निघावं का?

कुडाळचो झील | १ मार्च, रात्री ९:३७

घड्याळ रवांदे घराक. त्या दुधाच्या पिशयेवाल्या काकांच्या मागसून धावा, मास्तरानू.